सागाच्या रानाला जबाबदार व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र कसं मिळवायचं: सुरगाणा-पेठकडच्या शेतकऱ्यांसाठी

सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी उतारावर नि बांधावर लावलेल्या साग-बांबूचं गट प्रमाणपत्र सांभाळायचं काम मी करते. कळवण, दिंडोरीकडूनही फोन येतात आणि पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "ताई, सर्टिफिकेटला कागद कोणकोणते लागतात?" कागद लागतात, ते खाली सांगितलेच आहेत. पण कागदांच्या मागे लागण्याआधी रानात काय तोडायचं नाही ते ठरवा. ज्या गटाने हे आधी ठरवलं त्याचं पुढचं काम सरळ होतं. ज्याने आधी फाईल रंगवली त्याला ऑडिटर, म्हणजे प्रमाणपत्रासाठी तपासणी करायला येणारा माणूस, रानात उभा करून प्रश्न विचारतो, तेव्हा उत्तर सापडत नाही.

पहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा

नाशिकचा सुतार साग घेताना घेर बघतो, गाभ्याचा रंग बघतो, गाठी बघतो. प्रमाणपत्र तो विचारत नाही आणि त्यासाठी वर पैसेही देत नाही. ते विचारतात परदेशी फर्निचर पाठवणारे कारखाने, कागद गिरण्या, मोठ्या ब्रँडांना माल देणारे. म्हणून अर्ज करण्याआधी ज्याला माल द्यायचा आहे त्याच्याकडून लेखी विचारून घ्या, की तुम्हाला कोणत्या योजनेचा शिक्का चालतो. गिऱ्हाईकच नसेल तर यंदा थांबा, रान नीट राखा, नोंदी सुरू करा. त्या नोंदी वाया जात नाहीत.

योजना मुख्यतः तीन. एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) ही १९९३ साली टोरांटोच्या सभेत उभी राहिलेली संस्था, मुख्यालय जर्मनीत बॉनला. परदेशी खरेदीदार जास्त करून हिचंच नाव घेतात. दुसरी पीईएफसी, १९९९ ची, जिनिव्हातली. तिच्याशी जोडलेली भारतातली योजना एनसीसीएफ ही संस्था चालवते. या योजनेला पीईएफसीची मान्यता २०१९ मध्ये मिळाली, आणि वनाबाहेरच्या झाडांसाठी, म्हणजे शेतातल्या-बांधावरच्या झाडांसाठी, तिच्याकडे वेगळं मानक आहे. तिसरी केंद्र सरकारची 'भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणीकरण योजना'. ती डिसेंबर २०२३ मध्ये आली, तिचं कामकाज भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेकडे आहे. शेतातल्या झाडांना तिच्यातही जागा आहे. मी खाली जे सांगते ते एफएससी धरून, कारण तिचे नियम सगळ्यांत कडक. ते पाळलेत तर बाकी दोन्हींकडे जाताना फार काही नव्याने करावं लागत नाही.

युरोपला माल जाणार असेल तर आणखी एक गोष्ट. जंगलतोडमुक्त मालाचा युरोपीय संघाचा २०२३ चा नियम प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश मागतो, आणि प्रमाणपत्र असलं तरी ती माहिती द्यावीच लागते. तेव्हा मोजणीच्या वेळीच जीपीएस बिंदू घेऊन ठेवा.

एकट्याने काढू नका

दोन एकर सागासाठी एकट्याने ऑडिटचा खर्च करणं परवडत नाही. गट करा. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था गटप्रमुख होते, प्रमाणपत्र तिच्या नावावर निघतं, सभासद शेतकरी संमतीपत्रावर सही करतात. त्या संमतीपत्रात चार गोष्टी साध्या मराठीत हव्यात: मी नियम पाळीन, ऑडिटरला रानात येऊ देईन, तोडणीआधी गटाला कळवीन, नियम मोडला तर गट मला वगळू शकतो. सही घेण्याआधी हे वाचून दाखवा. शक्य असेल तर कोकणीत, म्हणजे आपल्याकडच्या कोकणा आदिवासींच्या बोलीत, सांगा, घरातल्या बाईसमोर सांगा. रानात रोजचं येणं-जाणं तिचं असतं आणि ऑडिटर आला की पुष्कळदा तीच भेटते.

१०० हेक्टरपर्यंतचं रान एफएससी लहान धरते आणि लहान रानांना कागदपत्रांत व मूल्यमापनात सवलत आहे. आपल्याकडची खातेदारांची रानं यात सहज बसतात. मात्र सवलत कागदाच्या जाडीत आहे. कायदा, मजूर, पाणी, देवस्थान यांत ती नाही.

सातबारा, मोजणी, मालकी

आता कागद. सातबारा आणि आठ-अ चालू तारखेचे. पीकपाहणीत साग, बांबू यांची नोंद लागलेली पाहिजे. नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करून आधी ती लावून घ्या. बाप वारला, सातबारा अजून त्याच्याच नावावर, आणि चार भाऊ वेगवेगळ्या वाटच्या झाडांवर हक्क सांगतात, अशी जमीन गटात घेऊ नका. वारस नोंद होऊ द्या, मग घ्या. हद्दीवर वाद असेल तर भूमी अभिलेखाची मोजणी आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या. वनखात्याच्या हद्दीला लागून असलेल्या गटांत हे टाळूच नका, कारण तिथे एक झाड इकडचं की तिकडचं यावरून सगळा माल अडकतो.

वनहक्काचा दावा मंजूर होऊन मिळालेला प्लॉट असेल तर वेगळा विचार करा. तो हक्क वारसाने चालतो, पण जमीन विकता येत नाही, आणि तिथल्या जुन्या झाडांच्या तोडीचा प्रश्न वनखात्याशी लेखी सुटल्याशिवाय ती झाडं आराखड्यात धरू नका. पट्टा मिळाल्यानंतर स्वतः लावलेली झाडं आणि आधीपासूनची झाडं वेगळी दाखवा.

तोडीची परवानगी हे पहिलं तत्त्व, कारण एफएससीच्या १० तत्त्वांतलं पहिलं कायदा पाळण्याचं आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली साग, खैर, ऐन, मोह, हिरडा, आंबा, जांभूळ, चिंच अशा अनुसूचीतल्या झाडांना परवानगी लागते. आदिवासी खातेदाराच्या झाडांना त्याशिवाय १९६९ चा कायदा लागू आहे. व्यापारी घरी येऊन उभ्या झाडांचा सौदा करतो आणि हातावर पैसे ठेवतो, हे प्रकार बंद व्हावेत म्हणूनच तो केला आहे, आणि विक्री वनखात्याच्या देखरेखीखाली होते. याला आपल्याकडे मालकी प्रकरण म्हणतात. प्रकरणाची पूर्ण फाईल ठेवा: अर्ज, झाडांची यादी, पंचनामा, परवानगी, वाहतूक पास, ओंडक्यांवर मारलेल्या हातोड्याच्या निशाणीची नोंद. ऑडिटर एखादा खुंट दाखवून विचारतो, या खुंटाचं झाड यादीत कितव्या क्रमांकाला? ते दाखवता आलं पाहिजे. शेतातल्या बांबूचं बरंच सोपं आहे. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा. नैसर्गिक जंगल तोडून ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथे रोपवन केलं असेल तर त्या तुकड्याला एफएससीचं प्रमाणपत्र मिळत नाही. डिसेंबर १९९४ ते २०२० या काळातल्या रूपांतराला नुकसानभरपाईचे वेगळे नियम आहेत, तो विषय ऑडिट संस्थेशी आधीच बोला. पुरावा म्हणून गूगल अर्थवरचं जुन्या वर्षांचं चित्र छापून सभासदाच्या फाईलला लावा. भाताच्या खाचरावर, वरई-नागलीच्या मुरमाड माळावर लावलेला साग त्यात स्पष्ट दिसतो.

काय तोडायचं नाही

हा भाग मला सगळ्यांत जवळचा, आणि वेळही याला सगळ्यांत जास्त द्या.

जे राखलंच पाहिजे त्याला एफएससी उच्च संवर्धन मूल्य म्हणते. त्याचे सहा प्रकार आहेत: दुर्मीळ जीव, मोठा अखंड निसर्ग-पट्टा, धोक्यातली परिसंस्था, पाणी-मातीचं रक्षण, लोकांच्या रोजच्या गरजा आणि लोकांची श्रद्धास्थानं. पुस्तकातून हे समजत नाही. गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना आणि गुरं राखणाऱ्या एका पोराला घेऊन प्रत्येक शेत चालून काढा.

चालताना काय बघायचं? पाणी बघा. नार, पार, दमणगंगा ह्या आपल्याच डोंगरांत उगम पावणाऱ्या नद्या, आणि त्यांना जाणारा प्रत्येक ओहोळ कुणाच्या तरी शेतातूनच जातो. झरा, डवरा, उन्हाळ्यात पाणी भरायची जागा नकाशावर मांडा आणि ओहोळाच्या दोन्ही काठांना पट्टा सोडा. त्या पट्ट्यात उंबर, करंज, जांभूळ, काटस बांबू वाढू द्या. तिथे सागाची तोड नाही, ओंडके ओढायची वाट नाही, फवारणी नाही. उतार जितका तीव्र तितका पट्टा रुंद ठेवा. पावसाळ्यात सुरगाण्याची लाल माती कशी वाहते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

झाडं बघा. मोह, हिरडा, बेहडा, आंबा यांची फुलं-फळं वेचायचा गावाचा रिवाज असतो, मग झाड कुणाच्याही शेतात असो. मोहाची फुलं वेचायला कोण येतं ते लिहा. घारी-गिधाडांची घरटी असलेलं उंच झाड, ढोलीचं झाड, वाळून उभं असलेलं झाड, यांच्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारा. हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकरी आणि वनखातं मिळून गिधाडं राखतात. आपल्या गटातल्या त्र्यंबककडच्या सभासदांना मी म्हणूनच सांगते, घरटं असलेलं झाड फाईलमध्ये फोटोसकट लावा. अंजनेरीच्या कड्याजवळ जमीन असेल तर माथ्यावरच्या गवताळ पठाराला हात लावू नका. अंजनेरी कंदीलपुष्प ही तिथली वनस्पती शास्त्राला २००६ मध्येच नव्याने कळली, आणि तिचं जग फार लहान आहे.

आणि देव बघा. आपल्या भागात शेताच्या शिवेवर, बहुधा एखाद्या ऐनाखाली, वाघदेवाचा लाकडी खांब असतो. वर सूर्य-चंद्र, खाली वाघ, कधी नाग कोरलेला, अंगावर शेंदराचे जुने थर. वाघबारशीला गुराखी तिथे नारळ फोडतात. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात माणसं ज्या वाटेने डोंगरावर जातात ती वाटही अशीच. देवराईचा तुकडा असेल तर तोही. हे सगळं सहाव्या प्रकारात येतं. खांबाभोवती किती जागा सोडायची ते तुम्ही नका ठरवू, भगताला आणि गावाला विचारा आणि त्यांनी सांगितलेलं तसंच लिहा. इंग्रजी फाईलमध्ये "सांस्कृतिक स्थळ" एवढंच लिहून जागा सोडणारे सल्लागार मी बघितले आहेत. त्यातून काहीच राखलं जात नाही.

राखलेलं सगळं क्षेत्र मिळून एकूण रानाच्या निदान १० टक्के भरलं पाहिजे. लहान शेतकऱ्याला आपल्याच दोन एकरांत ते बसवणं जड जातं, म्हणून गटात त्याचा हिशोब एकत्र मांडायची सोय आहे. आपल्याकडे ओहोळ, खडकाळ पोटखराबा आणि शिवेवरची झाडं धरली की ते भरतं.

मोजणी आणि आराखडा

किती तोडायचं हे वाढीवरून ठरतं, लग्नाच्या खर्चावरून नाही. दरवर्षीची तोड रानाच्या वाढीपेक्षा जास्त होता कामा नये. त्यासाठी नमुना भूखंड टाका, म्हणजे मोजणीसाठी रानातले ठरावीक तुकडे आखा. १७.८४ मीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं की ते बरोबर ०.१ हेक्टर होतं. दोरीला तेवढ्या लांबीवर गाठ मारून ठेवा. उतारावर दोरी जमिनीला टेकवू नका, आडवी ताणून धरा, नाहीतर वर्तुळ लहान पडतं. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. उतारावर वरच्या बाजूला उभं राहून. वेल असेल तर टेप वेलाखालून घ्या, त्या उंचीवर गाठ असेल तर किंचित वर सरका आणि तसं लिहा. मोजलेल्या झाडाला रंगाने आकडा टाका. पुढच्या खेपेला त्याच झाडाचा घेर त्याच जागी घेतला तरच वाढ कळते.

घनफळात एक गोम आहे. व्यापारी चौथाई घेराने मोजतो: मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ९० सेंटीमीटर घेराचा ३ मीटर लांब ओंडका या हिशोबाने सुमारे ०.१५२ घनमीटर भरतो. खरं घनफळ सुमारे ०.१९३ असतं. म्हणजे चौथाई घेर साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दाखवतो. वाढ एका पद्धतीने आणि तोड दुसऱ्या पद्धतीने मोजलीत तर हिशोब खोटा होतो. दोन्हीकडे एकच पद्धत ठेवा आणि ती आराखड्यात लिहा.

आराखडा लांबलचक नको. नकाशा, झाडांची मोजणी, राखीव जागा, विरळणीची वर्षं, तोडीची वर्षं, तोडीनंतर काय लावणार, आग कशी रोखणार, एवढं पुरे. २ बाय २ मीटरवर लावलेल्या सागात हेक्टरी २५०० झाडं असतात. पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमाराला पहिली विरळणी करून मधली झाडं काढली नाहीत तर काठ्याच उभ्या राहतात. नुसता साग लावू नका. मधे बांबू, खैर, आवळा, शिवण येऊ द्या. पानं खाणारी अळी दर पावसाळ्यात सागाची चाळण करते, पण झाड त्यातून पुन्हा फुटतं, तिच्यासाठी औषध मारायची घाई नको.

औषधांवरून आठवलं. द्राक्षबागेतून उरलेली बाटली रानात आणून मारणं ताबडतोब थांबवा. एफएससीच्या अतिधोकादायक औषधांच्या याद्या आहेत, काहींवर पूर्ण बंदी, काहींवर कडक अटी. बाटलीवरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण दिसला की ती रानात जाणार नाही, असा नियम आमच्या गटाने केला आहे. यादी तपासायची ती कंपनीच्या नावाने नाही, आतल्या घटकाच्या नावाने.

गाव आणि मजूर

आपले तालुके पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येतात. कायदा तसं म्हणतो म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याची वाट, चराई, सरपण, मध यांचा प्रश्न असतो म्हणून ग्रामसभेत विषय ठेवा आणि ठरावाची प्रत घ्या. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर वनहक्क समितीशी स्वतंत्र बोला. संमती ही काम सुरू होण्याआधी, सगळी माहिती देऊन, दबाव न टाकता घ्यायची असते. बैठकीत कुणी विरोध केला तर तोही इतिवृत्तात लिहा. विरोध लिहिलेलं इतिवृत्त ऑडिटरला जास्त खरं वाटतं, आणि तो विरोध पुढे कसा मिटवला हे दाखवता येतं.

मजुरांचं प्रशिक्षण ऑक्टोबर छाटणीच्या काळात ठेवू नका. निम्मं गाव दिंडोरी-निफाडच्या बागांत असतं. दिवाळीला माणसं परत येतात, तेव्हा ठेवा. तोडीवर हेल्मेट, बूट, हातमोजे, चेनसॉ चालवणाऱ्याला पायाचं संरक्षण आणि कानाचं झाकण. अठरा वर्षांखालचं पोर तोडीवर नको. बाईला आणि गड्याला त्याच कामाचा तोच दर, हजेरीपत्रक, किमान वेतन, अपघात वही. ऑडिटर गटप्रमुखाला बाजूला ठेवून मजुराला विचारतो, पाय कापला तर कुठे नेतात, गाडी कुणाची, पैसे कोण देतं? आधी पढवून ठेवलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. म्हणून गाडीचा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर तोडीच्या जागेवर खरोखर लावा.

ऑडिट

आधी गटाने स्वतः सगळ्या सभासदांची अंतर्गत तपासणी करायची. मग मान्यताप्राप्त ऑडिट संस्थांकडून दर मागवा. एफएससीसाठी ही मान्यता एएसआय ही संस्था देते. खर्चात ऑडिटरांचे दिवस, प्रवास, वार्षिक शुल्क वेगवेगळं लिहून मागा, आणि पाच वर्षांचा आकडा एकत्र विचारा, पहिल्याच वर्षाचा नको. मुख्य ऑडिटच्या निदान सहा आठवडे आधी संस्था लोकांकडून मतं मागवते: वनखातं, ग्रामपंचायत, शेजारी, पर्यावरणवाले. त्यांना कुणीतरी काहीतरी कळवणारच, तेव्हा तुम्ही आधी जाऊन भेटा.

ऑडिटर सगळ्या शेतांवर जात नाही, नमुना निवडतो, आणि तो त्याने निवडायचा असतो. त्रुटी दोन प्रकारच्या. मोठी त्रुटी सुटल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही, आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर निघाली तर साधारण तीन महिन्यांत सोडवावी लागते. लहान त्रुटीला वर्ष मिळतं, पण ती तशीच राहिली तर मोठी होते. त्रुटी निघाली म्हणून सभासदांनी घाबरू नये हे त्यांना आधी सांगून ठेवा. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, दरवर्षी पाहणी.

विक्री

सगळं करून माल विकताना साखळी तुटली, म्हणजे रानापासून गिऱ्हाइकापर्यंत माल वेगळा राखला गेला नाही, तर प्रमाणपत्राचा उपयोग शून्य. प्रमाणित ओंडक्यांची थप्पी वेगळी लावा, तोंडाला हिरवा रंग मारा, सभासदाचा क्रमांक लिहा. माल सरकारी आगारातून लिलावाने जाणार असेल तर तिथेही वेगळा ढीग राहील का, हे परवानगीच्या वेळीच लेखी विचारा. दुसऱ्या मालात मिसळला की तो प्रमाणित राहत नाही. घेणाऱ्या सॉ मिलकडे स्वतःचं साखळी प्रमाणपत्र असलं तरच पुढच्या फर्निचरवर शिक्का येतो. त्या प्रमाणपत्राचा क्रमांक एफएससीच्या खुल्या यादीत तपासा, ते चालू आहे की निलंबित तेही तिथेच दिसतं. बिलावर तुमचा प्रमाणपत्र क्रमांक, 'एफएससी १०० टक्के' हा दावा, झाडाची जात, घनफळ आणि सभासदाचं नाव हवं. बिलाची, वाहतूक पासाची आणि आराखड्यातल्या त्या वर्षाच्या तोडीची बेरीज एकमेकांशी जुळते का, हे दर तोडीनंतर त्याच आठवड्यात बघा. मार्चअखेरीस बसलात तर पावत्या सापडत नाहीत.